पेटीला हात लावायचा नाही

रोशनीला कोणी नोकरी विचारली की तिची पंचाईत व्हायची. सातपूरला कंपनीत आहे म्हटलं की लोकांना वाटायचं, उभी असेल मशीनवर. ती तर एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर, पत्र्याखाली, खुर्चीत बसून काम करायची, आणि ते काम घडायचं मात्र पार तिकडे पेठच्या डोंगरात. हे समजावून सांगेपर्यंत समोरच्याचा चहा गार. म्हणून ती सरळ सांगायची, पेट्या सांभाळते. ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, पण निदान पुढचे प्रश्न थांबायचे.

पेटी म्हणजे लोखंडी डबा. आत एक टॅब्लेट, वर सोलरची पाटी, शेजारी उंच पाइपावर अँटेना. ज्या पाड्यांवर मोबाईलला रेंज म्हणून येत नाही, तिथे समाजमंदिराच्या ओट्यावर नाहीतर शाळेच्या भिंतीला ती बसवायची. काचेवर दोनच चित्रं, एक पोटुशा बाईचं आणि एक सूर्याचं. कोणाला कळा सुरू झाल्या की बाईच्या चित्रावर बोट ठेवायचं, की करंजाळीला नर्सबाईंकडे घंटी वाजायची आणि लखनची जीप निघायची. पैसा एका संस्थेचा, पेट्या बनवणारे किशोर सर, आणि त्या रोज चालत्या ठेवणारी ही आपली रोशनी.

सूर्याचं चित्र कशाला, तर पेटी धड आहे हे कळायला. रोज सकाळी पाड्यावरच्या एकीने तो दाबायचा, की इकडे सातपूरला रोशनीच्या स्क्रीनवर त्या पाड्यापुढे पिवळा ठिपका उमटायचा. खैरमाळ पाड्यावर हे काम भागीबाईकडे होतं, आणि भागीबाई म्हणजे रोशनीची आई. बाई अंघोळ करून, हात पदराला कोरडे करून मगच सूर्याला बोट लावायची, जसं काही देवालाच गंध लावतेय. रोशनीच्या लेखी तो ठिपका म्हणजे आईचा रोजचा निरोप होता. ठिपका दिसला की ती डबा उघडून न्याहारी करायची. तोवर नाही.

खैरमाळची पोर आश्रमशाळेत शिकली, नाशकात येऊन आयटीआय केलं, श्रमिकनगरात चार पोरींसोबत खोली घेऊन राहिली. हिला पाड्यांवर मान होता, आणि का नसावा? पेटी आल्यापासून त्या डोंगरातून बाईला झोळीत घालून उतरवायची वेळ आली नव्हती. बायका पेटीला रोशनीची पेटीच म्हणायच्या. दिवाळीला तिला हळद-कुंकू लावायच्या आणि काचेवर बोटं उमटली म्हणून मागून स्वतःच पुसायच्या.

पण सुरुवातीला या पेट्यांनी रोशनीच्या नाकी नऊ आणले होते. आतलं ॲप सुधारलं की टॅब्लेट विचारायचा, नवीन व्हर्जन आलंय, टाकू का? आता तिथे उत्तर देणार कोण? खिडकी आठ-आठ दिवस तशीच. एका पाड्यावर दोघातिघांनी आपापली अक्कल लावून काहीबाही दाबलं आणि पेटीच बंद पाडली. तेव्हा रोशनी संतापून पाड्यापाड्यावर फिरली होती. ओट्यावर माणसं गोळा करून तिने बजावलं होतं, की चित्रं सोडून काचेवर दुसरं काहीही दिसलं तर पेटीला हात लावायचा नाही. मी तिकडून काम करतेय असं समजा आणि थांबा. आणि खैरमाळला तर तिने आपल्या आईच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. हसत हसतच, पण घेतलं होतं.

आणि मग तिने ती विचारणारी खिडकीच काढून टाकली. पेट्यांची मालकी सर्व्हरकडे घेतली, म्हणजे कोणाला विचारणं नाही, कोणी दाबणं नाही. रात्री पेटी स्वतःच एकदा सर्व्हरला हाक मारणार, काही नवीन असलं तर गुपचूप उतरवून घेणार, सकाळी लोक उठायच्या आत तयार. दिवसा मात्र ती सर्व्हरचं काही ऐकणार नाही, कारण तेवढं सोलरला झेपत नव्हतं. किशोर सर त्या दिवशी इतके खूष झाले की सगळ्या माडीला मिसळ खाऊ घातली. संस्थेच्या लोकांपुढे ते हे अभिमानाने सांगायचे, की आमच्या पेट्या झोपेत शिकतात.

यंदा भातकापणीच्या तोंडावर रोशनीने आणखी एक नवीन गोष्ट घातली. चित्राला बोट लावलं की पेटीतून आवाज येईल, आपल्या डोंगरातल्या बोलीत, आणि मग बाईला स्वतः बोलून नर्सबाईला काय होतंय ते सांगता येईल. आवाज कोणाचा घ्यायचा यावर चर्चा झाली आणि तो रोशनीचाच घ्यायचं ठरलं. तिने टेबलावरच्या टॅब्लेटमध्ये दहा वेळा बोलून पाहिलं. खाली लेथ घरघरायचं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बोलायची. घरी तिने मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिची वहिनी जयवंती पोटुशी होती, पहिलटकरीण, आणि भाऊ दत्तू निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला गेलेला. वेळ आलीच तर घाबरलेल्या वहिनीला पेटीतून नणंदेचा आवाज ऐकू यावा, एवढाच तिचा हौसेचा भाग.

टेबलावरच्या टॅब्लेटवर सगळं ठाकठीक चाललं. तिने व्हर्जन सर्व्हरला लावलं आणि घरी गेली.

सकाळी येऊन बघते तर स्क्रीनवर एकूण एक पाड्यापुढे हिरवी खूण. अपडेट झालं. एकही पेटी मागे नाही. तिला इतकं बरं वाटलं की तिने शेजारच्या हर्षालीला ओढून आणून दाखवलं. मग डबा पुढ्यात ठेवून ती पिवळ्या ठिपक्यांची वाट बघत बसली.

ठिपका येईना. खैरमाळचा नाही, शेजारच्या पाड्याचा नाही, कोणाचाच नाही. किशोर सर म्हणाले, अगं कापणी चालू आहे, बाया शेतावर गेल्या असतील भल्या पहाटे. हर्षाली म्हणाली, सोलरला ऊन लागू दे. दोघांचं म्हणणं पटण्यासारखं होतं आणि रोशनीने स्वतःला ते पटवूनही पाहिलं. पण तिची आई ताप अंगावर घेऊन ओट्यापर्यंत आलेली तिने पाहिली होती. शेतावर जायचं म्हणून सूर्य चुकवणारी ती बाई नव्हे. डबा तसाच राहिला.

तिने कपाटातून कोरा टॅब्लेट काढला. पेटीत असतो तसा तयार केला, जुनं ॲप घातलं आणि त्यावर नवीन व्हर्जन तसंच गुपचूप चढवलं, जसं रात्री पेट्यांवर चढलं होतं. चित्रं आली. आणि लगेच ती अंधारली, आणि त्यांच्यावर एक पांढरी खिडकी येऊन बसली. या ॲपला माईक वापरू द्यायचा का? खाली दोन-तीन ओळी. जोवर कोणी त्यातली एक दाबत नाही, तोवर मागची बाईही दबत नाही आणि सूर्यही नाही.

रोशनीने आपला रोजचा टॅब्लेट ओढून शेजारी ठेवला. तिच्या टेबलावरच्या टॅब्लेटने हे विचारलंच नव्हतं, कारण तिने आवाज भरताना त्याला केव्हाच होकार दिलेला होता. एकदा दिला की तो पुन्हा विचारत नाही. हा होकार पेट्यांना सर्व्हरवरूनच देता येतो, एक खूण करायची असते, आणि तीच नेमकी राहून गेली होती. आता डोंगरातल्या प्रत्येक पेटीवर ती पांढरी खिडकी उभी होती, आणि प्रत्येक पाड्यावर रोशनीचा शब्द पाळला जात होता. काचेवर दुसरं काही दिसलं तर हात लावायचा नाही, आणि थांबायचं.

खूण करायला तिला क्षणही लागला नाही. पण घेणार कोण? पेटी आता रात्रीच विचारणार. रोशनी वेड्यासारखी तोच हुकूम पुन्हा पुन्हा पाठवत राहिली. किशोर सर मागे उभे होते, ते शेवटी म्हणाले, बाई, नको करू, तूच तसं लावलंय. ते रागाने म्हणाले नव्हते. त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

पाड्यावर फोन लागत नाहीत म्हणून तर पेट्या. पेटीतल्या सिमकार्डावरही फोन जात नाही. राहिला लखन. त्याला लावला तर गडी करंजाळीला टपरीवर निवांत बसलेला, म्हणाला, ताई, आज फारच शांत आहे, एकही घंटी नाही. रोशनीला त्याचं डोकं फोडावं की आपलं हे कळेना. तिने त्याला पटापट सांगितलं, की एकेका पाड्यावर जा, खिडकीची पहिली ओळ दाब आणि पुढे चल. जीप एक, पाडे डोंगरभर विखुरलेले. कोणाकडे आधी जायचं? किशोर सर हळूच म्हणाले, खैरमाळला पाठव. रोशनीने स्क्रीनवर बायकांच्या नोंदी उघडल्या. दिवस भरलेल्या तिघी दुसऱ्याच पाड्यांवर होत्या, जयवंतीला अजून अवकाश होता. आपल्या चुकीवर पहिली जीप आपल्याच घरी पाठवायची, हे तिच्याने होईना. तिने लखनला त्या तिघींचे पाडे सांगितले, आणि सरांकडे मोटरसायकलची चावी मागितली.

पेठ रोडला लागल्यावर तिने गाडी कशी हाकली ते तिचं तिलाच ठाऊक. आशेवाडी गेली, घाट लागला, घाटात भाताचे भारे भरलेले ट्रॅक्टर रांगेने चालले होते आणि ती हॉर्न दाबत त्यांच्या कडेने घुसत होती. एक ट्रॅक्टरवाला शिव्या देत राहिला. दत्तूला फोन करावा असं दोनदा मनात आलं, पण करून सांगणार काय? काही झालंय असं कुठे आहे? काही झालं नसेल, ती स्वतःशी मोठमोठ्याने म्हणत होती. आई पेटीपुढे बसली असेल, वहिनी चुलीपुढे असेल, मी जाईन, खिडकी घालवीन, आई म्हणेल इतकं उन्हाचं कशाला आलीस. ती भुकेली होती, रडत होती, आणि हेल्मेटच्या काचेमुळे तिला डोळे पुसता येत नव्हते.

फाट्यावरून आत कच्चा रस्ता. शेवटच्या चढाच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर, तिला समोरून माणसं येताना दिसली. चौघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला चादरीची झोळी. गाडी तिच्या हातून तिथेच आडवी झाली.

झोळीत जयवंती होती. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे, चादरीखालून रक्त ठिबकत होतं. झोळीशेजारी चिमणाबाई चालत होती, पाड्यावरची म्हातारी सुईण, आणि तिच्या पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते हलत नव्हतं. चिमणाबाईने सांगितलं, की पहाटेच कळा सुरू झाल्या, दिवसांच्या आधीच. पोर पायाकडून येऊन अडलं. पेटीवर काही तरी आलेलं होतं, म्हणून आम्ही थांबलो. रोशनीचं काम चाललंय, होईल आता, होईल आता, असं करत ऊन वर आलं. मग झोळी बांधली. पोरगी होती. वाटेतच झाली नि वाटेतच गेली.

जयवंतीने डोळे उघडले. "ताई," ती म्हणाली, "गाडी आली का गं?"

रोशनीने मागे वळून बघितलं. गाडी म्हणजे तिची ती आडवी पडलेली मोटरसायकल. तिच्यावर या खड्ड्यांतून अशा बाईला नेणं म्हणजे जीवच घेणं. मोबाईल काढला तर त्यावर रेंजची एक काडी नाही. फाटा खाली लांब राहिलेला, पाडा वर जवळ. लखनला बोलवायचं तर त्या अख्ख्या दरीत एकच जागा होती, तिची पेटी. तिने झोळीवाल्यांना सावकाश खाली उतरत राहा म्हणून सांगितलं, आणि गाडी उचलून वर सुटली.

जयवंती वाचली, हे आत्ताच सांगितलेलं बरं. लखन शेजारच्याच पाड्यावर होता, नर्सबाईंनी तिथल्या नुकत्याच मोकळ्या झालेल्या पेटीतून त्याला निरोप दिला, तो उताराने जीप जवळजवळ सोडूनच आणल्यासारखा आला, वाटेत करंजाळीला नर्सबाईंनी सलाईन लावलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला नाशिकला रक्त मिळालं. त्या दिवशी बाकीच्या पाड्यांवर कोणाची वेळ आली नाही, तेवढी कृपा. किशोर सरांनी पुढे संस्थेला खरं ते सांगितलं आणि रोशनीला कामावरून काढलं नाही. दत्तू आला, कोपऱ्यात बसून राहिला, बहिणीला एक शब्द बोलला नाही, आणि छाटणी अर्धी टाकून आलो म्हणून पुन्हा निफाडला निघून गेला. रोशनी आजही पेट्या सांभाळते. नवीन व्हर्जन आलं की ती स्वतः पाड्यांवर जाते, आधी एक पेटी बदलते, तिच्यापुढे रात्र काढते आणि सकाळी कोणाला तरी सूर्य दाबायला लावते. लोकांना वाटतं, फार मन लावून काम करते पोरगी.

पण त्या दिवशी ती ओट्यापाशी पोचली तेव्हा हे पुढचं काहीच तिला माहीत नव्हतं.

पाडा रिकामा होता. धडधाकट माणसं झोळीमागे गेलेली, बाकीची शेतात. ओट्यावर पेटीपुढे भागीबाई बसली होती. मांडी घालून, एक हात पेटीच्या झाकणावर ठेवून. तिने सकाळपासून पाणीही घेतलेलं नव्हतं. ती झोळीबरोबर गेली नव्हती, कारण खिडकी गेली रे गेली की चित्रावर बोट ठेवायचं, म्हणजे जीप झोळीला वाटेतच गाठेल, असा तिचा हिशोब होता. सून तिकडे, नात तिकडे, आणि ही इथे काचेकडे बघत बसलेली. नातीचं तिला कळलंही नव्हतं.

लेकीला बघून ती उठली आणि तिचा चेहरा उजळला. रोशनीला ते पाहवेना.

"कोणाला हात लावू दिला नाय," भागीबाई म्हणाली. "दोघंजण दाबाया आलते. म्या म्हनलं, रोशनी तिकडून करतीय, तिनं सांगितलंय थांबा. ढकलून दिलं त्यांना."

रोशनीने पुढे होऊन खिडकीची पहिली ओळ दाबली. एकदाच, एका बोटाने. खिडकी गेली. मागची बाई उजळली, सूर्य उजळला. भागीबाई ते बघत राहिली. इतकंच होतं का, असं तिने विचारलं नाही, पण तिचा हात झाकणावरून खाली आला.

रोशनीने बाईच्या चित्रावर बोट ठेवलं. ती विसरूनच गेली होती, की आता पेटी बोलणार आहे.

आणि पेटी बोलली. लेथ थांबलेल्या दुपारी, दहा वेळा घोटून घोटून भरलेला तो आवाज, हसरा, थोडा लाजलेला, आपल्या माणसाशी बोलावं तसा, रिकाम्या पाड्यावर घुमला. "घाबरू नको बाई. मी रोशनी बोलतीय. तुझी हाक पोचली. गाडी निघाली हाय, मी तुझ्याजवळच हाय."

मग घंटी वाजायला लागली, आणि करंजाळीहून नर्सबाईंचा आवाज आला, बोला, कोण आहे, बोला. रोशनी ओट्याला धरून उभी होती. तिने खैरमाळ म्हटलं, नाला म्हटलं, झोळी म्हटलं, रक्त म्हटलं. कसंबसं तेवढं सांगितलं आणि खाली बसली.

भागीबाईने पेटीकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं, मग पुन्हा पेटीकडे. तिला खरंच कळत नव्हतं, आणि तिच्या विचारण्यात राग म्हणून नव्हता.

"तूच व्हतीस ना आत?" ती म्हणाली. "मंग सकाळी का नाय बोललीस?"